गोव्याच्या हवेचं बागकाम छापा की!

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या एका रविवारच्या पुरवणीत तुम्ही घरात शरद ऋतू कसा साजरा करावा यावर पानभर मजकूर दिला होता. फोटो छान होते, नारिंगी पानांच्या माळा, दारात ठेवलेले भोपळे, सोफ्यावर लोकरीची शाल आणि दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या. मी तो वाचत होते तेव्हा फॅन फुल्ल होता आणि तरी घामाने पेपर हाताला चिकटत होता. ऑक्टोबरात फोंड्याला लोकरीची शाल अंगावर घेऊन बसणार कोण हो? आणि पानांचं म्हणाल तर आमच्याकडे या दिवसात पानं गळत नाहीत, उलट सगळीकडे इतकं हिरवं असतं की डोंगर ओळखू येत नाही. आमची पानगळ होते शिगम्याच्या म्हणजे होळीच्या आगेमागे, काजूचा वास सुटतो तेव्हा.

ते सोडा, शोभेच्या पानांवरून भांडायला पत्र लिहीत नाहीये. त्याच पानावर खाली चौकटीत बागकामाचा सल्ला होता की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेथी पालक पेरा. हे पुण्याला चालत असेल, इथे सप्टेंबरात पेरलेली मेथी पहिल्या मोठ्या सरीत वाहून शेजाऱ्याच्या गटारात जाते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि मान्सून परत जायला ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. म्हणजे आमचं परसातलं वर्ष तिथून सुरू होतं. दर वर्षी कुठला ना कुठला पेपर हे असले दुसऱ्यांच्या हवेचे सल्ले छापतो आणि नवीन हौशी माणसं ते बघून बी टाकतात, उगवत नाही, मग म्हणतात आपल्या हाताला यश नाही. हाताचं काही नाही हो, तारीख चुकीची असते.

आणि तारखेवर जाऊच नये असं माझं म्हणणं. आमच्याकडे जुन्या बायका दिवाळीच्या हिशेबाने पेरायच्या पण दिवाळी स्वतःच हलते ना, २०२३ साली अधिक श्रावण होता म्हणून नरकचतुर्दशी १२ नोव्हेंबरला आली आणि २०२५ला २० ऑक्टोबरला, तीन आठवड्यांचा फरक. म्हणून माझी सासू कॅलेंडर बघत नाही ती माती बघते. मूठभर माती दाबायची, लाडू वळला आणि बोटाने टिचकी मारली की फुटला तर वाफे करायचे, फुटला नाही तर अजून थांबायचं. संध्याकाळचे ढग गडगडायचे बंद झाले की समजायचं की आता बी टाकायला हरकत नाही.

वाफे करताना एक गोष्ट जी कुठल्याच लेखात येत नाही ती म्हणजे आमची माती. जांभ्या दगडाची तांबडी माती, मुळातच आम्लधर्मी, त्यात चार महिने पाऊस बडवून गेलेला त्यामुळे वरचा कस धुऊन खाली गेलेला असतो. नुसतं शेणखत घालून भागत नाही, थोडा चुना नाहीतर चुलीची राख लागते आणि ती पेरणीच्या आधी काही दिवस मिसळायची, बी बरोबर नाही. राख पण बेतानेच, जास्त झाली तर पानं पिवळी पडतात. कुळागरवाले, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा असलेले, पातेरा म्हणजे सुकी पानं जाळत नाहीत, माडाच्या आळ्यात घालतात, आणि ते बरोबरच आहे, पण आमच्या वाड्यावर अजून रोज संध्याकाळी कोणीतरी पातेऱ्याला काडी लावतोच. जळलं की मूठभर राख आणि सगळ्यांना खोकला. तेच खड्ड्यात टाकून वर शेणकाला शिंपडला तर पुढच्या पावसाळ्याआधी खत तयार.

पहिली पेरायची ती तांबडी भाजी. बी इतकं बारीक की हाताने टाकलं तर एका जागी ढीग पडतो म्हणून रेती मिसळून फेकतात. त्याच दिवशी मुंग्या बी उचलायला येतात, म्हणून वाफ्याच्या कडेने राखेची रेघ ओढायची. महिन्याभरात भाजी ताटात येते, मुळा दीड महिन्यात, नवलकोलला दोन महिने धरा. मिरची आणि वांग्याची रोपं आधी वेगळी करून महिन्याने लावायची. खोल्याच्या मिरचीचं बी आणून आताच लावायचं असं काही जण म्हणतात, पण काणकोणात ती पावसाळ्यात डोंगराच्या उतारावर लावतात आणि या दिवसात ती तोडून वाळवत असतात. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिचं नाव सगळ्यांना माहीत झालंय पण पीक कधीचं ते कोणी विचारत नाही. या दिवसात ती विकत घ्यावी आणि वर्षाचं तिखट करून ठेवावं, हे जास्त शहाणपणाचं.

ऊन फार कडक असतं या दिवसात, पावसातून एकदम भट्टीत गेल्यासारखं होतं रोपांना. त्यावर उपाय म्हणजे माडाची चुडतं (झावळ्या), वाफ्यावर आडवी टाकली की सावली पण होते आणि मोर पण येत नाही. हो, मोर. शहरातले लोक मोर बघून मोबाईल काढतात, आम्ही झाडू काढतो. एक मोर आणि त्याच्या चार लांडोरी सकाळी सात वाजता आल्या की आठ वाजेपर्यंत वाफा सपाट होतो. सत्तरीकडे माकडं आणि गवे, आमच्याकडे मोर, ज्याचं त्याचं नशीब. गोगलगायींचं तर विचारूच नका, मोठ्या शंखाच्या त्या रात्री निघतात आणि कोवळं तेवढंच बरोबर ओळखतात. रात्री बॅटरी घेऊन वेचणं आणि मिठाच्या पाण्यात टाकणं एवढंच मला माहीत आहे, आमच्या मुलांना ते काम फार आवडतं, अभ्यासापेक्षा तर नक्कीच.

फ्लॅटवाले म्हणतील आम्हाला परसू कुठे. मासळी मार्केटात बर्फाचे थर्माकोलचे बॉक्स फेकून देतात ते मागून आणा, दोन दिवस उन्हात ठेवून वास घालवा, तळाला भोकं पाडा, त्यात तांबडी भाजी आणि मुळा उत्तम येतो. माझ्या बहिणीने पणजीत चौथ्या मजल्यावर बाल्कनीत केलाय, तिथे मोर येत नाही हा वरचा फायदा.

आता हे झालं पेरायचं, पण आमचा शरद मुळात काढायचा ऋतू आहे. पावसाळी तवशांचे (मोठ्या काकड्यांचे) वेल आता सुकतात आणि शेवटची पिवळी जाड तवशी राहतात, ती केळीच्या सोपाच्या म्हणजे बुंध्याच्या सालीच्या दोरीने बांधून माजघरात आढ्याला टांगायची पद्धत होती. एकाला एक लागू द्यायचं नाही नाहीतर कुजतात. दिवाळीपर्यंत टिकतात मग तवसाळी करायची, गूळ आणि रवा घालून, वर खाली निखारे ठेवून. ओव्हनमध्ये पण होते पण खालची करपट कड मिळत नाही आणि घरात भांडण त्या कडेवरूनच असतं. एक तवसं बियांसाठी ठेवायचं, त्याच्या बिया शेणात कालवून भिंतीला थापायच्या, वाळल्या की गोवरी तशीच भिंतीवर राहते, जूनमध्ये काढून फोडायची, किडा लागत नाही. आता भिंतींना ऑइलपेंट झालाय त्यामुळे शेण थापू कोण देतंय, आम्ही जुन्या गोठ्याची एक भिंत त्यासाठी ठेवली आहे. नवरा म्हणतो पाड, मी म्हणते बियांचं कपाट कोण पाडतं का.

आंबाडे, ती छोटी आंबट फळं, पण याच दिवसात. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी टांगतात तिला बांधलेले संपले की झाडाखाली पडायला लागतात, त्यांचं सासव किंवा दिवाळीला करम. सुरण, माड्या, काटेकणगां हे कंद जमिनीत तयार होत असतात, ती वेल पिवळी पडल्यावर काढायची, घाई केली तर हाताला पाण्यासारखा कंद लागतो. त्यावर जास्त लिहीत नाही कारण त्याची खरी जाणकार कुळागरातली माणसं आहेत आणि त्यांच्याकडून लिहून घ्या असंच मला तुम्हाला सांगायचं आहे, त्याकडे येतेच.

भाताबद्दल मात्र लिहिणार. आमच्याकडे सरद म्हणजे पावसाळी शेतीचं भात, ज्योती नाहीतर जया, या दिवसात कापणीला येतं आणि नेमका त्याच वेळी उशिराचा पाऊस येतो. कापून आडवं पडलेलं भात दोन दिवस भिजलं की कणसालाच कोंब फुटतात. हार्वेस्टर सांगून ठेवलेला असतो तो चिखलात उतरत नाही आणि उतरला तर अडकतो, मग माणसं शोधा, आणि माणसं मिळत नाहीत. म्हणून ज्यांच्या घरी अजून चार पोती तरी भात येतं त्यांना मी श्रीमंत समजते. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी निदान नवं भात शेतकऱ्याकडून घ्यावं, आणि त्याचे फोव म्हणजे पोहे करून घ्यावे. दुकानातले पातळ पांढरे पोहे आणि नव्या भाताचे लालसर जाड फोव यांची बरोबरी नाही. पूर्वी व्हायनात म्हणजे उखळात मुसळाने कांडायचे, दोन बायका समोरासमोर, आता गिरणीत होतात तरी चालेल, वास तोच येतो.

दिवाळीच्या पहाटेचे फोव म्हणजे बाहेरगावच्या पाहुण्यांना कळत नाही काय चाललंय. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे, फोडणीचे, बटाट्याचे, आणि बरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबाड्याची करम. एका घरी सगळे खायचे नाहीत, थोडे खायचे आणि पुढच्या घरी जायचं, तिथे नाही म्हणायचं नाही. आमच्याकडे जावयाने तिसऱ्या घरी हात जोडले होते. फराळाचे डबे विकत मिळतात, महिला मंडळं चांगले करतात, घ्यावेत, मी पण घेते, चकली माझ्या बापजन्मात सरळ झालेली नाही. पण फोव विकत आणून कसं चालेल, ते गरम असताना खायचे असतात.

हातकामाचं म्हणाल तर आमच्याकडे शरदातलं सगळ्यात मोठं हातकाम म्हणजे आकाशकंदील, आणि हल्ली तेच सगळ्यात आधी विकत आणतात. प्लॅस्टिकचा घडीचा कंदील, दुसऱ्या वर्षी रंग उडालेला, तिसऱ्या वर्षी कचऱ्यात. घरी करायला काय लागतं, एक बांबू, दोरा, मैद्याची खळ आणि पतंगी कागद. चांदणीचा कंदील सगळ्यात सोपा, पाच कांब्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्ही एकमेकींवर ठेवून पाची टोकं बांधायची आणि मधल्या पंचकोनाच्या कोपऱ्यांत पाच छोटे तुकडे आडवे सारून दोन्ही चांदण्या फुगवायच्या, झाला सांगाडा. कांब्या सगळ्या एकाच मापाच्या पाहिजेत आणि बांबू ओला असतानाच तासायचा, सुकला की चिरतो. कागद लावताना एक पाकळी उघडी ठेवायची, बल्ब बदलायला. ही शेवटची गोष्ट यूट्यूबवाले सांगत नाहीत.

आणि त्यात मजा अशी की हाच सांगाडा डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती घराच्या बाल्कनीत लागतो, नाताळचं नखेत्र म्हणून. आमच्याकडची मुलं दिवाळी झाली की कागद फाडून सांगाडा त्यांना देऊन येतात आणि ते पांढरा कागद लावतात. त्यांच्या घरून मग दोदोल, तो नारळ-गुळाचा गोड पदार्थ, येतो. कोणी ठरवून सुरू केलेलं नाही हे, बांबू तासायचा कंटाळा दोन्ही घरांना सारखाच.

नरकासुराबद्दल लिहू नये असं घरचे म्हणाले पण लिहितेच थोडं. पेंढा, बांबू, जुने पेपर, खळ यांचा पुतळा करणं ही कला आहे, आमच्या वाड्यावरची पोरं मुखवटा इतका सुंदर करतात की जाळताना वाईट वाटतं. पण स्पर्धा सुरू झाल्यापासून आत लोखंड, वायरी, मोटारी, आणि बाहेर अख्खी रात्र स्पीकर. पहाटे अभ्यंगस्नान करून रस्त्यावर यावं तर अर्धवट जळलेले सांगाडे आणि तारा रस्त्यातच. जाळायचा पुतळा पूर्ण जळेल असा करा एवढीच अट स्पर्धेवाल्यांनी घातली तर कितीतरी फरक पडेल. आणि बक्षिसाच्या पैशातला छोटा भाग हाताने केलेल्या कंदिलाला ठेवला तर कोणाचं काय जाईल.

दिवाळी झाली की शरद संपला असं बाजाराला वाटतं, आमच्याकडे तर व्हडली दिवाळी म्हणजे तुळशीचं लग्न अजून बाकी असतं. वृंदावन घासून गेरूने रंगवायचं, पांढऱ्या रेघा मारायच्या, ऊस, दिंड्याची काठी, चिंचा आणि आवळ्याची फांदी. पावसात तुळशीच्या बुडाशी बी पडून ढीगभर रोपं आलेली असतात ती उपटून टाकू नका, कागदाच्या कपात लावून लग्नाला आलेल्या बायकांना वाण म्हणून द्या, स्टीलच्या वाट्या देण्यापेक्षा बरं. आणि त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीवर होड्या सोडतात ते मुलांना घेऊन एकदा तरी बघून या. लोक हाताने सजवलेल्या होड्या आणतात, नदीत दिवे, आणि काठावर आपापल्या होडीचं मोठमोठ्याने कौतुक करणारी माणसं. घरी येऊन आमच्या मुलाने केळीच्या सोपाची होडी केली ती विहिरीत सोडायचा हट्ट धरला, शेवटी पाण्याच्या डोणीत सोडली.

तर संपादक साहेब, मागणी अशी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा तरी गोव्याच्या हवेचं सदर द्या. मोठं नको, पाव पान. या आठवड्यात काय पेरायचं, काय काढायचं, कुठली कीड आलीय आणि त्यावर घरात काय उपाय. जुने गोव्याला किनारपट्टीच्या शेतीवर काम करणारी आयसीएआरची म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, तालुक्यातालुक्यात विभागीय कृषी कार्यालयं आहेत, तिथल्या लोकांना रोज हेच विचारतात, त्यांच्याकडून घ्या. पण निम्मी जागा कुळागरातल्या आणि खाडीकाठच्या खाजन शेतीतल्या माणसांना द्या, कारण सासष्टीच्या खाजनातली खारी जमीन आणि सत्तरीचा डोंगर यांना एकच सल्ला देऊन चालत नाही. भात कापून झालेल्या शेतात जी ओल राहते तिच्यावर अळसांदे (चवळी) कधी टाकायचे हे किनाऱ्यावर एक उत्तर आहे आणि आत दुसरं, आणि ती ओल आठवड्याभरात उडते, तोपर्यंत विचारायला जावं कुठे. भाषा पण आमचीच ठेवा, कुठल्यातरी वेबसाइटवरून उतरवलेली नको. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपं विकायला बसणाऱ्या बायकांपाशी तुमचा वार्ताहर एक तास जरी बसला तरी पहिले चार लेख फुकट मिळतील, फक्त त्याने काहीतरी विकत घ्यावं, नाहीतर त्या बोलत नाहीत.

पहिला लेख गोगलगायींवर असावा ही वैयक्तिक विनंती.

आपली,
एक नेहमीची वाचक, फोंडा

ता.क. नरकचतुर्दशीला पायाने फोडायची कारिटं आमच्या बाजूला आता शोधावी लागतात, जिथे वेल यायचे त्या रिकाम्या जागांवर बिल्डिंगी झाल्या आणि बाजारात ती विकत मिळायला लागली. फोडून झाल्यावर केरात टाकतात ती टाकू नका, बिया धुऊन सावलीत वाळवा आणि मे संपताना कुंपणाच्या कडेला टाका, पाऊस पडला की वेल आपसूक येतो, त्याला खत लागत नाही आणि मोर पण त्याच्याकडे बघत नाही, कडू जहर असतं ना.